दगडाच्या पोटातील साक्षीदार : आघाताचे प्रतिबल कसे मोजतात

काळ्या पाषाणात विहीर खोदणे म्हणजे काय असते, हे विदर्भातील वाचकांना निराळे सांगण्याची गरज नाही. वरची काळी माती संपते, मुरूम लागतो, मग खालचा काळा फत्तर लागतो आणि कुदळ-पहार निरुपयोगी ठरते. ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरने छिद्रे पाडावी लागतात, त्यांत जिलेटिनच्या कांड्या भरून सुरुंग उडवावा लागतो. जे काम शंभर हातांना महिनाभर जमले नसते ते एका क्षणात होते. त्या क्षणी दगडाच्या आत नेमके काय घडते आणि ते किती जोराचे असते, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. आवाज ऐकू येतो, धूळ दिसते, फुटलेले दगड मोजता येतात. पण फुटण्याआधी त्या दगडाने किती ताण सोसला, हे बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही.

विज्ञानाने या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे. ते उत्तर थोडक्यात असे की, आघात मोजायचा असेल तर साक्षीदार दगडाच्या पोटात बसवावा लागतो, त्याची जागा आधी ठाऊक असावी लागते, आणि त्याच्या बोलण्याचा अर्थ आधी पडताळून घेतलेला असावा लागतो. या तीन अटी पाळल्या नाहीत तर मोजमाप होत नाही, केवळ अंदाज होतो. विद्यालयाच्या या स्मरणिकेत हा विषय मांडण्याचे कारण असे की, या शास्त्राचा एक जगप्रसिद्ध नमुना आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणार येथे आहे. मंगरूळपीरपासून नकाशावर सरळ रेघ ओढली तर ते अंतर शंभर किलोमीटरही भरत नाही.

प्रतिबल म्हणजे काय?

एखाद्या वस्तूवर बाहेरून बल लावले की वस्तूच्या आतील प्रत्येक थर शेजारच्या थराला ढकलतो किंवा ओढतो. एकक क्षेत्रफळावर पडणाऱ्या या आतील बलाला प्रतिबल म्हणतात. त्याचे एकक पास्कल होय. परंतु ते फार लहान असल्याने दगडधातूंच्या बाबतीत मेगापास्कल म्हणजे दहा लाख पास्कल आणि गिगापास्कल म्हणजे शंभर कोटी पास्कल ही एकके वापरतात. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब सुमारे ०.१ मेगापास्कल असतो. एक गिगापास्कल म्हणजे त्याच्या सुमारे दहा हजार पट. बोटाच्या नखाएवढ्या, म्हणजे साधारण एक चौरस सेंटीमीटर जागेवर दहा टनांचा भरलेला ट्रक उभा केला, तर तेथे जेवढे प्रतिबल निर्माण होईल, तेवढे हे आहे.

आपल्या भागातील एकसंध काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, हळूहळू दाबला तर साधारण १०० ते ३०० मेगापास्कलला फुटतो. प्रयोगशाळेत दगडाचा ठोकळा दाबयंत्रात ठेवून ही मोजणी करतात. यंत्राचा काटा सावकाश चढतो, ठोकळ्याच्या सर्व भागांना सारखा दाब पोचायला भरपूर वेळ मिळतो, आणि म्हणून बाहेर लावलेला काटा आतील स्थितीही सांगतो.

आघाताचे तसे नाही. सुरुंग उडतो किंवा वेगाने येणारी वस्तू आदळते, तेव्हा दगडाच्या एका टोकाला काय झाले हे दुसऱ्या टोकाला त्या क्षणी माहीतच नसते. ही वार्ता तरंगाच्या रूपाने पुढे जाते. बेसाल्टमध्ये असा तरंग सेकंदाला साधारण ५ ते ६ किलोमीटर वेगाने धावतो; म्हणजे पाच-सहा मिलिमीटर जाडीचा दगड ओलांडायला त्याला एक मायक्रोसेकंद, सेकंदाचा दहा लाखावा हिस्सा, लागतो. तरंगाच्या पुढचा दगड अगदी शांत असतो आणि मागचा प्रचंड दाबाखाली असतो. या दोहोंमधली सीमा अतिशय अरुंद असते. अशा उभ्या चढणीसारख्या तरंगाला आघात तरंग म्हणतात. हा तरंग निघून गेला की दाब उतरतो. डोळ्याची पापणी लवायला लागणारा वेळ याच्या तुलनेत युगासारखा आहे.

एक साधे सूत्र

आघात तरंगाचे गणित एकोणिसाव्या शतकात रँकिन आणि ह्युगोनिओ या दोन अभ्यासकांनी मांडले. त्याचा गाभा न्यूटनच्या नियमातच आहे आणि दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजण्याजोगा आहे. तरंग पुढे सरकतो तसतसे दगडाचे नवे नवे वस्तुमान गतिमान होते. दर सेकंदाला किती संवेग दिला गेला, हे मोजले की बल मिळते. त्यावरून सूत्र तयार होते :

प्रतिबल = दगडाची घनता × तरंगाचा वेग × कणांचा वेग

येथे दोन वेगांत गल्लत होता कामा नये. तरंगाचा वेग म्हणजे वार्ता पुढे जाण्याचा वेग. कणांचा वेग म्हणजे तरंग अंगावरून गेल्यावर दगडाचे कण प्रत्यक्ष ज्या वेगाने पुढे ढकलले जातात तो वेग. रांगेत उभ्या मुलांपैकी शेवटच्याने पुढच्याला धक्का दिला, तर धक्का रांगेतून झपाट्याने पुढे जातो, मुले मात्र अर्धे पाऊलच सरकतात. तसेच हे आहे.

उदाहरण घेऊ. बेसाल्टची घनता घनमीटरला सुमारे २,९०० किलोग्रॅम, तरंगाचा वेग सेकंदाला ५,५०० मीटर आणि कणांचा वेग सेकंदाला १०० मीटर धरला, तर प्रतिबल सुमारे १.६ गिगापास्कल येते. म्हणजे नखाएवढ्या जागेवर सोळा टन. बेसाल्टचीच एक थाळी सेकंदाला २०० मीटर वेगाने बेसाल्टवर सपाट आदळली की हे घडते. कारण दोन्ही बाजू सारख्या असल्याने वेग निम्मा निम्मा वाटला जातो.

सूत्र एवढे सोपे असेल तर आत गेज पुरण्याचा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. कारण हे की, सूत्र एकसंध, आदर्श पदार्थाला आणि स्थिर तरंगाला लागू पडते. प्रत्यक्ष दगडात भेगा असतात, पोकळ्या असतात. दख्खनच्या बेसाल्टचे काही थर घट्ट असतात, तर काही वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले आणि त्या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेले असतात. पोकळ्या मिटताना तरंगाची ऊर्जा खर्च होते, तरंगाची धार बोथट होते. तो किती खोलीवर किती बोथट झाला हे सूत्र आपोआप सांगत नाही. त्या त्या खोलीवर कोणीतरी हजर असावे लागते.

तार बोलू लागते

हा हजर राहणारा साक्षीदार म्हणजे एक अतिशय पातळ धातूची पट्टी होय. धातूवर ताण वा दाब आला की त्याचा विद्युत रोध बदलतो. १८५६ मध्ये विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले शास्त्रज्ञ, यांनी ताणलेल्या तारांचा रोध बदलतो हे दाखवून दिले. आज पूल, धरणे, इमारती यांवर जे विकृतिमापक गेज चिकटवतात ते याच तत्त्वावर चालतात.

हे तत्त्व घरी पडताळता येते. जाड कागदावर मऊ शिसपेन्सिलीने एक रुंद, गडद पट्टा घोटून काढावा. पट्ट्याच्या दोन टोकांना साध्या मल्टिमीटरच्या तारा घट्ट लावाव्यात आणि रोध वाचावा. आता पट्टा बाहेरच्या बाजूला येईल असा कागद वाकवला की आकडा वाढतो. उलट बाजूला वाकवला की कमी होतो. पट्टा ताणला जाताना ग्रॅफाइटचे कण एकमेकांपासून दूर जातात, दाबला जाताना जवळ येतात, आणि विजेला त्याप्रमाणे वाट अवघड किंवा सोपी होते. पाचवी-सहावीचा विद्यार्थीही हे करू शकतो, आणि एवढ्यावरून गेजचे मर्म त्याला कळते : आकार वा दाब यांतील बदल विजेच्या भाषेत सांगणारी वस्तू म्हणजे गेज.

आघाताच्या कामासाठी मात्र वेगळ्या गुणांची धातू हवी. आघातात दाबाबरोबर तापमानही वाढते. रोध वाढला तो दाबामुळे की उष्णतेमुळे, हे कळले नाही तर साक्ष निरुपयोगी. या अडचणीवर मँगॅनिन नावाची मिश्रधातू उपयोगी पडली. सुमारे ८४ टक्के तांबे, १२ टक्के मँगॅनीज आणि उरलेले निकेल अशी तिची साधारण घडण. एडवर्ड वेस्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती तयार केली, तीच मुळी तापमान बदलले तरी रोध जवळपास न बदलणारी धातू हवी म्हणून. पुढे हार्वर्डचे पर्सी ब्रिजमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिचा दुसरा गुण दाबमापनासाठी वापरात आणला : दाब वाढला की तिचा रोध नियमितपणे वाढतो. उच्च दाबावरील कार्यासाठी ब्रिजमन यांना १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० च्या दशकात ब्रिटन आणि अमेरिकेतील संशोधकांनी ही तार आघाताखालच्या घन पदार्थांच्या पोटात बसवली आणि आघातमापनाचे एक नवे दालन उघडले.

मँगॅनिनचा रोध दर गिगापास्कलला ढोबळमानाने दोन ते तीन टक्क्यांनी वाढतो. वरच्या उदाहरणातील १.६ गिगापास्कलला तो चार टक्क्यांच्या आसपास वाढेल. वाढ छोटी आहे, पण ती मोजता येते. जेथे दाब कमी असतो तेथे अधिक संवेदनशील अशा कार्बनच्या वा इटर्बियम धातूच्या पट्ट्या वापरतात. काही गेज याहून निराळे असतात : क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर किंवा विशिष्ट प्लास्टिकच्या पापुद्र्यावर दाब पडला की तो स्वतःच विद्युतभार निर्माण करतो. पियेर आणि जॅक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये स्फटिकांचा हा गुण शोधला होता.

प्रयोग कसा होतो?

दगडाच्या दोन चकत्या कापून त्यांचे पृष्ठभाग आरशासारखे सपाट घासतात. त्यांच्या मधोमध काही मायक्रॉन जाडीची मँगॅनिनची पट्टी ठेवतात. तिच्या दोन्ही अंगांना विजेपासून वेगळे ठेवणारा पातळ पापुद्रा लावतात आणि सगळे मिळून सरसाने सांधतात. वाचकांना ही रचना दोन भाकरींच्या मध्ये ठेवलेल्या पिठल्याच्या पातळ थरासारखी वाटेल, तर ती उपमा अगदी चुकीची नाही. फक्त येथील थर केसाहून पातळ असतो. अधिक खोलीवरचे चित्र हवे असेल तर पाच, दहा, पंधरा मिलिमीटर अशा ठरावीक अंतरांवर अनेक गेज बसवतात.

हा दगड गॅस गनच्या तोंडाशी ठेवतात. लांब नळीत दाबून भरलेला वायू एका थाळीला ढकलतो. नळीतील हवा आधीच काढून टाकलेली असते, अन्यथा थाळीच्या पुढे हवेची उशी तयार होऊन आघात मऊ झाला असता. थाळी दगडावर अगदी सपाट आदळली पाहिजे. थोडीशीही तिरकी पडली तर तरंग एका बाजूला आधी सुरू होतो आणि नोंद विस्कटते. आदळण्याच्या किंचित आधी पट्टीतून वीजप्रवाह सोडतात. दोन तारांनी प्रवाह देतात आणि वेगळ्या दोन तारांनी पट्टीवरील विभवांतर वाचतात, म्हणजे लांब तारांचा स्वतःचा रोध मापनात मिसळत नाही. तरंग पट्टीवरून जातो, रोध वाढतो, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर रेघ वर चढते, क्षणभर सपाट राहते आणि मग खाली येते अथवा तुटते. बहुतेक वेळा पट्टी त्या आघातात नष्ट होते. काही मायक्रोसेकंदांची साक्ष हेच तिचे सारे आयुष्य, पण तेवढी पुरते.

साक्षीदाराच्या मर्यादा

साक्षीदार आत बसवला म्हणून तो आपोआप खरा ठरत नाही. पहिली अडचण अशी की, गेज हा दगडातील परका पाहुणा असतो. जाड दोराला पातळ दोर बांधून झटका दिला तर गाठीपाशी लहर काही अंशी मागे फिरते. दगड, पापुद्रा आणि धातू यांच्या सीमांवर तसेच होते. म्हणून गेज जितका पातळ तितका चांगला. तरंग त्याच्या आत मागे-पुढे आपटून काही दशक नॅनोसेकंदांत भोवतालच्या दगडाइतका दाब गाठतो आणि त्यानंतरचे वाचन विश्वसनीय ठरते. त्याआधीची चढण ही दगडाची नसून गेजची असते, हे ध्यानात ठेवावे लागते.

दुसरी अडचण : पट्टी केवळ दाबली जात नाही, कधी कधी ताणलीही जाते. म्हणून मँगॅनिनशेजारी कॉन्स्टंटनची पट्टी बसवण्याची पद्धत आहे. कॉन्स्टंटनवर दाबाचा परिणाम अत्यल्प, ताणाचा मात्र पुरेसा होतो. दोघींच्या साक्षी शेजारी ठेवल्या की ताणाचा वाटा वजा करता येतो.

तिसरी गोष्ट दिशेची. सपाट आघातात दगड पुढून दाबला जातो. पण त्याला बाजूला सरकायला वाव नसतो, कारण भोवतीचा दगडही तसाच दाबलेला असतो. त्यामुळे बाजूनेही प्रतिबल तयार होते. साध्या दाबयंत्रात ३०० मेगापास्कलला फुटणारा दगड आघातात त्याच्या कित्येक पट दाब क्षणभर सोसतो, याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. पुढच्या दिशेचे प्रतिबल वाचायला एक पट्टी तरंगाला आडवी आणि बाजूचे वाचायला दुसरी पट्टी तरंगाच्या दिशेत उभी बसवतात. दोन वाचनांतील फरकावरून दगड घसरण्याला किती विरोध करतो ते कळते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे प्रमाणीकरण. रोध चार टक्क्यांनी वाढला म्हणजे दाब किती, हे आधी ज्ञात वेगाच्या, ज्ञात पदार्थांच्या आघातांत पडताळून ठेवावे लागते. बाजारातला काटा वजने-मापे खात्याने तपासलेला नसेल तर त्याच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. गेजलाही तोच न्याय आहे.

आघात आणि स्फोट यांच्या अभ्यासाशी निगडित संस्था महाराष्ट्रातही आहेत. पुण्यात पाषाण येथील युद्धसामग्री संशोधन व विकास संस्था आणि सुतारवाडीची उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा या संरक्षण संशोधन क्षेत्रातील संस्था होत. १९१६ पासून चालत आलेले खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र बांधकामस्थळीच्या सुरुंगांची कंपने अभ्यासते.

लोणार : निसर्गाने पुरलेले गेज

आता लोणारकडे वळू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेल्या या भूमीवर फार पुढच्या काळात एक अशनी आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, काठापासून साधारण १५० मीटर खोल विवर तयार झाले. ही घटना केव्हाची, याबाबत मतभेद आहेत. तप्तदीप्ती पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे असे वय आले, तर अरगॉन समस्थानिकांच्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. एकाच घटनेच्या दोन तारखांत दहापटीहून अधिक अंतर आहे. आघाताचा जोर मात्र दगडांनी स्वतःच लिहून ठेवला आहे.

त्या दिवशी तेथे मँगॅनिनची पट्टी कोणी पुरली नव्हती. परंतु बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार नावाचे खनिज असते. त्याचे स्फटिक म्हणजे अणूंच्या शिस्तबद्ध रांगा. ठरावीक मर्यादेपलीकडचा आघात बसला की या रांगा मोडतात. स्फटिकाची बाहेरची आकृती तशीच राहते, पण आतून ते काचेसारखे होते. सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात स्फटिक उजळून दिसतो, ही काच मात्र काळी राहते. या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. ती प्रथम ओळखली गेली तीही भारतात पडलेल्या दगडात : १८६५ मध्ये आजच्या बिहारच्या गया जिल्ह्यातील शेरघाटी येथे पडलेल्या अशनीत. हा अशनी मंगळावरून आलेला आहे, असे आज मानले जाते. ज्वालामुखीच्या नेहमीच्या व्यापारांत असे आघाती दाब निर्माण होत नाहीत. म्हणून १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी लोणारच्या दगडांत मॅस्केलिनाइट असल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा हे विवर ज्वालामुखीचे की अशनीचे, या जुन्या वादाला निर्णायक वळण मिळाले.

पण मॅस्केलिनाइट आहे एवढ्याने दाबाचा आकडा मिळत नाही. त्यासाठी प्रमाणीकरण हवे होते, आणि ते झाले. १९७० च्या दशकात संशोधकांनी लोणारचाच बेसाल्ट प्रयोगशाळेत बंदुकीच्या आघाताखाली ठेवला. थाळीचा वेग मोजून वरच्या सूत्राच्या आधारे दाब काढला, मग त्या दगडाच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि विवरातील दगडांशी ताडून घेतल्या. त्यातून एक पट्टीच तयार झाली. ढोबळमानाने २० गिगापास्कलच्या खाली मुख्यतः भेगा पडतात. २० ते ४० च्या दरम्यान फेल्डस्पारचे मॅस्केलिनाइट होते. त्याच्या पुढे फेल्डस्पार वितळून त्यात बुडबुडे येतात. आणि ८० च्या पलीकडे अवघा दगडच वितळतो. या पट्टीने लोणारचा प्रत्येक दगड वाचता येतो. मॅस्केलिनाइटचा एक खडा म्हणजे नखाएवढ्या जागेवर दोनशे टनांहून अधिक भार सोसल्याची साक्ष होय.

चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागावर बेसाल्ट मोठ्या प्रमाणावर आढळतो, पण पृथ्वीवर बेसाल्टमध्ये कोरलेली, चांगल्या स्थितीतील आघाती विवरे फार विरळ आहेत. म्हणून चंद्रावरून आणलेल्या दगडांचा अभ्यास करणाऱ्यांनाही लोणारची आठवण ठेवावी लागते. आपल्या शेजारचा हा काळा दगड त्यांच्यासाठी प्रमाणित मापाचे काम करतो.

जागा हरवली की साक्ष हरवते

येथे आम्हांला वाचकांचे विशेष लक्ष वेधायचे आहे. प्रयोगशाळेतील गेज आघाताच्या पृष्ठभागापासून दहा मिलिमीटरवर होता की वीसवर, हे ठाऊक नसेल तर त्याच्या वाचनाला अर्थ उरत नाही. लोणारच्या दगडांचेही तसेच आहे. आघातकेंद्राजवळचा दगड वितळला, त्याहून दूरचा काचेसारखा झाला, आणखी दूरचा केवळ तडकला. कोणता दगड कोठे, कोणत्या थरात सापडला, यावरून आघाताची दिशा, त्याची ऊर्जा आणि उधळलेल्या मलब्याचा प्रवास कळतो. तो मलबा विवराच्या कडेबाहेर एक-दीड किलोमीटरपर्यंत, आज जेथे शेते आणि वाटा आहेत तेथेही पसरलेला आहे. सहलीला गेलेल्या मुलाने आठवण म्हणून उचललेला खडा किंवा बांधबंदिस्तीसाठी उकरलेला मलबा नष्ट होत नाही, पण त्याचा पत्ता हरवतो. पत्ता हरवलेला दगड म्हणजे जागा न लिहिलेले गेज.

प्रयोगशाळेतील प्रयोग फसला तर नवी पट्टी कापून पुन्हा करता येतो. लोणारचा प्रयोग पुन्हा होणार नाही. लोणार राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, वन्यजीव अभयारण्य आहे, आणि २०२० मध्ये त्याच्या सरोवराला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जाही मिळाला. कायद्याचे हे संरक्षण मोलाचे आहेच. तरी प्रत्येक खड्यामागे पहारेकरी उभा करता येत नाही. तेथे दगड पाहावा, छायाचित्र घ्यावे, आणि तो जागच्या जागी राहू द्यावा, ही शिस्त शाळांनीच मुलांना लावावयाची आहे.

गावातील सुरुंग आणि घराची भिंत

हेच तत्त्व आपल्या दैनंदिन जीवनालाही लागू पडते. खदानीत सुरुंग उडतो आणि जवळच्या वस्तीतील घराच्या भिंतीला तडा जातो. घरमालक म्हणतो, तडा सुरुंगाने गेला. खदानवाला म्हणतो, भिंत आधीच कच्ची होती. दोघांकडेही मोजमाप नसेल तर वाद आवाजाच्या जोरावर सुटतो, आणि ज्याचा आवाज लहान त्याची बाजू हरते.

छिद्राला लागून असलेल्या दगडात काही गिगापास्कलचे प्रतिबल असते. दूर जाताना ते झपाट्याने उतरते आणि शेवटी जमिनीचे साधे कंपन उरते. ते जिओफोन नावाच्या उपकरणाने मोजतात. मोजायची राशी असते जमिनीच्या कणांचा सर्वाधिक वेग. वरचे सूत्र येथेही लागू पडते. घट्ट बेसाल्टमध्ये कणांचा वेग सेकंदाला १० मिलिमीटर असेल, तर प्रतिबल सुमारे ०.१६ मेगापास्कल येते. लोणारच्या मॅस्केलिनाइटने सोसलेल्या किमान दाबाच्या तुलनेत हे सव्वा लाख पटींनी कमी आहे. दगडाला त्याचे काहीच वाटत नाही. पण विटा-मातीची भिंत ताण सोसण्यात दुबळी असते आणि मंद लयीच्या कंपनाने अख्खे घर डोलू लागते.

म्हणूनच खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ मध्ये ठरवलेल्या मर्यादा कंपनाच्या लयीनुसार बदलतात. खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या साध्या घरांसाठी, कंपनसंख्या सेकंदाला ८ पेक्षा कमी असेल तर मर्यादा सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ असेल तर १० आणि २५ च्या वर असेल तर १५. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंसाठी याच मर्यादा अनुक्रमे २, ५ आणि १० मिलिमीटर आहेत. अजिंठा असो, वेरूळ असो की नाशिकची पांडवलेणी असोत, आपल्या पूर्वजांनी ज्या पाषाणात विहार कोरले तो हाच दख्खनचा बेसाल्ट आहे. त्याच्या परिसरातील प्रत्येक सुरुंगाच्या बाबतीत हे आकडे किती मोलाचे आहेत, हे सांगायला नको.

या मर्यादा घराच्या पायापाशी मोजलेल्या कंपनाच्या आहेत, आणि हाच मुद्दा सामान्य माणसाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. उपकरण खदानीच्या कार्यालयात ठेवले, किंवा सैल मातीवर नुसते टेकवले, तर आकडा मिळेल, पण तो त्या घराचा नसेल. तेव्हा अशा प्रसंगी समाजबांधवांनी तीन प्रश्न विचारावेत : उपकरण कोठे ठेवले होते? ते जमिनीला घट्ट बसवले होते काय? त्याची तपासणी शेवटची केव्हा झाली? हे तीन प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, आणि त्यांची उत्तरे लेखी मागितली की वादाचे स्वरूपच बदलते.

आमच्या विद्यालयातून बाहेर पडलेले काही विद्यार्थी आज अभियंते आहेत, काही शिक्षक आहेत, काही शेती करतात, काही ग्रामपंचायतीत बसतात. यांतील प्रत्येकाला गॅस गन चालवायची नाही. परंतु ज्याने सोसले त्याच्याच ठिकाणी जाऊन मोजावे, मोजणाऱ्या साधनाची आधी परीक्षा करावी आणि साक्षीची जागा कधी हलवू नये, एवढे जर आपल्या मुलांच्या अंगी बाणले, तर विज्ञानाचे शिक्षण वर्गाबाहेरही उपयोगी पडले असे आम्ही समजू.